जपानी कमोडवर पहिल्यांदा बसताना

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला जेवणाच्या खालोखाल एक धास्ती हमखास असते, तिथे संडासात पाणी मिळेल का? जपानपुरतं उत्तर सोपं आहे. मिळेल, कोमट मिळेल आणि हव्या तेवढ्या जोराचं मिळेल. पण ते मगातून किंवा हातातल्या जेटमधून येत नाही. कमोडच्या आतली एक बारीक नळी पुढे सरकते, फवारा मारते आणि परत आत जाते. पाणी कमोडमध्ये सुरू होतं आणि कमोडमध्येच संपतं. बाहेरची फरशी कोरडी राहिली पाहिजे. बहुतेक घरांत आणि हॉटेलांत संडासाच्या फरशीला पाणी वाहून जायला जाळी नसते, खाली लाकडी किंवा व्हिनाइलचं आवरण असतं, आणि कमोडच्या बाजूला विजेची वायर असते. आपल्याकडे बादलीभर पाणी ओतून संडास स्वच्छ झाला असं आपण मानतो. तिथे तेच पाणी नुकसान करतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की असेल तर पुढचं सगळं सोपं जातं.

खिशात काय असावं

एक छोटा रुमाल रोज सोबत ठेवा. बागांमधल्या आणि जुन्या स्टेशनांमधल्या संडासांत हात पुसायला कागद किंवा गरम हवेचं यंत्र असेलच असं नाही, म्हणून जपानी माणसं स्वतःचा हातरुमाल बाळगतात. काही ठिकाणी साबणही नसतो, तेव्हा कागदी साबणाची डबी उपयोगी पडते. ज्यांना पाण्याशिवाय अजिबात चालत नाही त्यांनी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पिशवीत टाकावी, कारण फवाऱ्याची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. बाटली वापरताना बसूनच आणि कमोडच्या आतच वापरा.

रस्त्यावर जाहिरातीसोबत टिश्यूची छोटी पाकिटं फुकट वाटतात. ती नाक पुसायला घ्या. यातले बरेच कागद पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे कमोडमध्ये टाकले की पाइप तुंबतो. पाकिटावर ‘मिझु नि नागासेरु’, म्हणजे पाण्यात सोडता येणारे, असं असेल तरच टाकावेत.

शोधायचा कुठे

विचारायचं वाक्य पाठ करून ठेवा: ‘तोइरे वा दोको देस का?’ (संडास कुठे आहे?). थोडा सभ्य शब्द हवा असेल तर ‘ओतेआराई’, म्हणजे हात धुण्याची जागा. रेल्वे स्टेशनांवरचे संडास बहुतेक वेळा तिकिटाच्या फाटकाच्या आत असतात, म्हणून बाहेर पडण्याआधीच जाऊन या. सर्वांत स्वच्छ आणि सुसज्ज संडास मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सापडतात. चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांतही संडास असतो, पण आत जाण्याआधी विचारण्याची रीत आहे: ‘तोइरे ओ कारितेमो ईइ देस का?’ (संडास वापरला तर चालेल का?). बाहेर पडताना एखादी पाण्याची बाटली विकत घेतली तर बरं दिसतं.

विमानतळावर आणि मॉलमध्ये दारावर चित्रं असतात. छोट्या खानावळीत मात्र नुसतं एक चित्राक्षर असू शकतं, आणि निळा-लाल रंग नेहमीच मदतीला येत नाही. पुरुषांच्या अक्षरात वरच्या भागात चार खणांची चौकट असते, खिडकीच्या गजांसारखी, आणि खाली पाय फाकल्यासारखी रेघ. बायकांच्या अक्षरात चौकट नाही. दोन रेघा एकमेकींना छेद देतात आणि त्यांच्यावरून एक आडवी रेघ जाते. चौकट म्हणजे पुरुष, एवढं पुरेसं.

तोक्योच्या शिबुया भागात २०२० ते २०२३ या काळात नामवंत वास्तुरचनाकारांनी १७ सार्वजनिक संडास बांधले. त्यातले शिगेरू बान यांनी केलेले दोन बाहेरून आरपार दिसणाऱ्या रंगीत काचेचे आहेत. आत स्वच्छता आहे का, कुणी आहे का, हे बाहेरूनच कळावं हा हेतू. दाराला आतून कडी लागली की काच धुरकट होते. अशा ठिकाणी आधी कडी लावा, काच बदलली का ते बघा, मगच पुढचं काही करा.

आत शिरताना

घरी, पारंपरिक सराईत आणि काही खानावळींत संडासाच्या दाराशी वेगळ्या स्लिपर ठेवलेल्या असतात. घरातल्या स्लिपर दाराबाहेर काढायच्या, संडासातल्या घालायच्या, आणि बाहेर येताना पुन्हा बदलायच्या. संडासाच्या स्लिपर घालून बैठकीच्या खोलीत येणं ही नव्या पाहुण्याकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. तातामीच्या चटईवर तर कुठल्याच स्लिपर चालत नाहीत. बाहेर येताना स्लिपरची टोकं आतल्या दिशेला करून ठेवली की पुढच्या माणसाला थेट पाय घालता येतात.

सार्वजनिक संडासात रिकाम्या खोलीचं दार बऱ्याचदा किलकिलं राहतं. बंद असेल तर दोनदा टकटक करा. आत कुणी असेल तर तेही आतून टकटक करतं. तुम्ही आत असताना कुणी वाजवलं तर तुम्हीही तसंच उत्तर द्या.

दारावर कमोडचं चित्र किंवा ‘योशिकी’ असेल तर बसायचा संडास, ‘वाशिकी’ असेल तर उकिडवा. रांगेत पुढच्याला उकिडवा नको असेल तर तो मागच्याला पुढे जाऊ देतो. त्यात गैर काही नाही.

काही कमोडचं झाकण तुम्ही जवळ जाताच आपोआप उघडतं. घाबरायचं कारण नाही. उघडलं नाही तर हातानं उचला, पण सावकाश. यांचे बिजागर हळू चालतात, जोर लावला की मोडतात. सीटवर पाय ठेवून उकिडवं कधीही बसू नका. त्या प्लास्टिकच्या आत तापणारी तार आणि सेन्सर असतात, आणि सीट सरकली तर पडून गंभीर दुखापत होते. भिंतीवर द्रवाची छोटी डबी दिसेल. ती पुष्कळदा हातासाठी नसून सीट पुसण्यासाठी असते. हातभर कागद काढून घडी करा, त्यावर द्रव घ्या, सीट पुसा आणि तो कागद कमोडमध्येच टाका.

सीट गरम लागेल. थंडीत हे सुख वाटतं, पण उन्हाळ्यात चटका बसतो. पॅनेलवर किंवा रिमोटच्या खालच्या झाकणात सीटच्या तापमानाचं बटण असतं. ते दर दाबाला एक एक पायरी बदलतं, आणि सगळे दिवे विझले की सीटची उष्णता बंद. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीची संवेदना कमी झाली आहे त्यांनी आणि वृद्धांनी सीट सर्वांत कमीवर ठेवावी. कातडीला जाणवत नाही इतक्या मंद उष्णतेनंही बराच वेळ बसल्यावर भाजतं.

पुरुषांसाठी एक सूचना. घरगुती संडासात लघवीलाही बसूनच जाण्याची विनंती बऱ्याच ठिकाणी असते. भिंतीवर तशी चिठ्ठी दिसली तर ती पाळा. उभ्यानंच जायचं असेल तर झाकण आणि सीट दोन्ही वर करा. सीटवर पडलेला थेंब पुसल्याशिवाय बाहेर येऊ नका.

पॅनेल वाचायचं कसं

पॅनेल दोन जागी असतं. सीटला जोडलेला उजव्या बाजूचा दांडा, किंवा भिंतीवरचा रिमोट. बटणं पाच असोत की वीस, तुमच्या कामाची चारच: थांबवा, मागचं धुणं, पुढचं धुणं, जोर कमी-जास्त. बाकीची न दाबता आयुष्य जाऊ शकतं.

सुदैवानं २०१७ साली जपानी उत्पादकांच्या संघटनेनं आठ चित्रं सगळ्यांसाठी सारखी ठरवली. त्यानंतरच्या मॉडेलांवर ती दिसतात. चौकोन म्हणजे थांबवा, टेपरेकॉर्डरवर असायचा तसाच. दोन गोलाकार रेघांखालून उडणारं कारंजं म्हणजे मागचं धुणं, त्यालाच ‘ओशिरी’ म्हणतात. कारंज्यावर बसलेली बाई म्हणजे पुढचं धुणं, ‘बिदे’. नागमोडी रेघा म्हणजे वाळवणं, ‘कानसो’. पाण्याचा मोठा भोवरा म्हणजे मोठा फ्लश, छोटा भोवरा म्हणजे छोटा. उरलेली दोन झाकण आणि सीट उघडण्याची.

जुन्या पॅनेलवर चित्राक्षरंच असतात. त्यातलं ‘थांबवा’ आधी ओळखा. खाली एक आडवी रेघ, तिच्यावर एक उंच आणि एक बुटकी उभी रेघ, आणि उंच रेघेच्या उजवीकडे फुटलेला छोटा फाटा. बटण बऱ्याचदा नारिंगी किंवा लाल असतं. हे सापडल्याशिवाय दुसरं कुठलंही बटण दाबू नका. पहिल्यांदा वापरणारे नेमके इथेच गडबडतात. फवारा सुरू होतो, थांबवता येत नाही, म्हणून माणूस उठतो आणि पाणी दारावर. नवीन यंत्रांत उठल्याबरोबर फवारा बंद होतो, पण तो बंद होईपर्यंतच्या क्षणभरातही कपडे भिजतात.

धुणं, पायरी पायरीनं

१. सीटवर पूर्ण मागे सरकून बसा. सीटमध्ये वजनानं दबणारा खटका किंवा इन्फ्रारेड सेन्सर असतो. तुम्ही नीट बसलात हे कळल्याशिवाय यंत्र पाणी सोडत नाही. कडेवर टेकून बसलात तर फवारा येत नाही, किंवा मध्येच थांबतो.

२. साडीचा पदर, लांब कुर्ता, जाकीट कमरेच्या वर नीट गुंडाळून घ्या. मागे लोंबणारं कापड नळीच्या वाटेत येतं.

३. आधी जोर सर्वांत कमी करा. जोराचं बटण ‘सुइसेई’ या नावानं किंवा अधिक-उणे चिन्हांनी दाखवलेलं असतं. आधीच्या माणसानं तो पूर्ण वाढवून ठेवलेला असू शकतो, म्हणून दिवे किती लागलेत ते बघा.

४. ‘ओशिरी’ दाबा आणि तीन-चार सेकंद वाट बघा. आधी आत पाणी सांडल्याचा आवाज येतो, तेव्हा नळी स्वतःला धुऊन घेत असते. मग ती पुढे येते. इथे घाईनं पुन्हा बटण दाबू नका. बऱ्याच यंत्रांत दुसऱ्यांदा दाबलं की फवारा पुढे-मागे हलायला लागतो.

५. नेम चुकला तर स्वतः थोडं पुढे-मागे सरका, किंवा नळी सरकवण्याचे बाण वापरा. मग हवा तेवढा जोर एकेक पायरीनं वाढवा.

६. १० ते २० सेकंद पुरतात. उत्पादकांची संघटनाच हा वेळ सांगते. त्याहून जास्त, रोज, पूर्ण जोरानं धुतलं की कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, खाज सुटते आणि माणूस आणखी धुतो. शौचाला व्हावं म्हणून फवाऱ्याचा जोर आतपर्यंत घेणं तर टाळाच. मूळव्याध किंवा चीर असेल तर ‘यावाराका’, म्हणजे मऊ फवारा, निवडा.

७. चौकोनाचं बटण दाबा. नळी आत गेल्याचा आवाज ऐका. मगच हला.

८. कागदाची घडी करून टिपा, घासू नका. वाळवण्याची हवा मंद असते, नुसत्या तिच्यावर विसंबलात तर दोन-तीन मिनिटं बसून राहावं लागतं.

आपल्याकडे पाण्यासोबत डावा हात वापरायची सवय असते. इथे फवाराच सगळं करतो, हात घालायची गरज नाही. सीट आणि कमोडच्या फटीतून हात घातला तर सेन्सरला माणूस उठल्यासारखं वाटतं आणि पाणी बंद होतं, शिवाय हात पॅनेलला लागतो. सवय बदलायला दोन दिवस लागतात.

‘बिदे’ बायकांसाठी आहे, त्याची धार अधिक पुढे लागते. पाळीच्या दिवसांत तो खूप उपयोगी पडतो, मात्र इथेही बाहेरूनच धुवायचं. पुरुषानं चुकून दाबलं तर काही बिघडत नाही, पाणी भलतीकडे लागतं इतकंच.

नळी आधी कुणासाठी वापरली गेली, ती स्वच्छ आहे का, ही शंका प्रत्येकाला येते. संडासाची भांडी बनवणाऱ्या तोतो या जपानी कंपनीनं जून १९८० मध्ये ‘वॉशलेट’ ही फवाऱ्याची सीट बाजारात आणली, तेव्हा धारेचा कोन ४३ अंश ठरवला होता. अंगावरून परतणारं पाणी नळीवर पडू नये हे त्यामागचं कारण. पाण्याचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास धरलं गेलं. कल्पना मात्र जपानी नव्हती. १९६४ साली हीच कंपनी अशी सीट अमेरिकेतून आयात करत होती, ती रुग्णांसाठी होती आणि तिच्या धारेचा नेम आणि तापमान भरवशाचं नव्हतं. आज जपानमधल्या दर दहा घरांपैकी साधारण आठ घरांत फवाऱ्याची सीट आहे. ‘वॉशलेट’ हे एका कंपनीचं नाव असलं तरी बोलताना सगळ्यांनाच तसं म्हणतात. घर भाड्यानं शोधताना मात्र कागदावर ‘ओनसुई सेनजो बेंझा’, म्हणजे कोमट पाण्यानं धुणारी सीट, हे शब्द दिसतील.

कागद कुठे टाकायचा

कमोडमध्ये. कोपऱ्यातल्या छोट्या डब्यात वापरलेला संडासाचा कागद टाकू नका. जपानी टॉयलेट पेपर पाण्यात सुटा होतो आणि तो फ्लश करण्यासाठीच असतो. तो डबा पॅड आणि तत्सम वस्तूंसाठी आहे. पॅड, ओले वाइप, बाळाचे डायपर, टिश्यू यातलं काहीही कमोडमध्ये जाता कामा नये. नव्या कमोडला एका फ्लशला साधारण ४.८ लिटर पाणी लागतं, जुन्यांना १३ लिटर लागायचं. कमी पाण्यात चुकीची वस्तू पुढे सरकत नाही, वाकणात अडकते. कागदही एका वेळी खूप टाकायचा असेल तर मध्ये एकदा फ्लश करा.

फ्लश सापडत नाही तेव्हा

धुण्याची बटणं लोक लवकर शिकतात. फ्लशचा शोध मात्र जास्त दिवस चालतो, कारण तो दर ठिकाणी वेगळा असतो.

टाकी दिसत असेल तर तिच्या बाजूला एक दांडी असते. तिच्यावर दोन अक्षरं असतात. हातपाय पसरून उभ्या माणसासारखं दिसतं ते ‘दाई’, म्हणजे मोठं. मधे एक उभी रेघ आणि दोन बाजूंना दोन छोटे फटकारे असतात ते ‘शो’, म्हणजे छोटं. दांडी त्या अक्षराच्या दिशेनं फिरवायची. कागद टाकला असेल तर ‘दाई’च निवडा.

टाकी दिसत नसेल तर रिमोटच्या वरच्या कडेला बघा. भोवऱ्याच्या खुणेचं किंवा ‘नागासु’ असं लिहिलेलं लांबट, धातूसारखं बटण बऱ्याचदा तिथे असतं, समोरून पटकन दिसत नाही. नसेल तर भिंतीवर काळ्या काचेचा छोटा चौकोन आणि हाताचं चित्र दिसतंय का बघा. तिथे स्पर्श न करता तळहात दोन सेकंद धरायचा. तेही नसेल तर भिंतीवरचं गोल दाबबटण, नाहीतर पायाजवळची किंवा पाइपवरची दांडी. आणि काहीच नसेल तर उठा, कपडे नीट करा, थोडं थांबा. काही कमोड माणूस दूर झाल्यावर स्वतःच फ्लश करतात. न बघता निघून जाऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. भिंतीवर लाल किंवा नारिंगी बटण, कधी खाली लोंबणारी दोरी, आणि ‘योबिदाशी’ किंवा ‘हिजो’ असं लिहिलेलं असेल तर ते मदतीला बोलावण्याचं बटण आहे. ते दाबलं की बाहेर दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि कर्मचारी धावत येतो. सार्वजनिक संडासांसाठी २००७ साली जपाननं एक मानक केलं. कागदाच्या गुंडाळीच्या वर फ्लशचं बटण, आणि त्याच उंचीवर, पण बाजूला अंतर ठेवून, मदतीचं बटण. फ्लशचं गोल, मदतीचं वेगळ्या आकाराचं. म्हणून कागदाच्या बरोबर वरचं गोल बटण दाबायची सवय लावा. हे मानक दिसायला कमी असणाऱ्यांसाठी केलं गेलं, पण जपानी न वाचता येणाऱ्याला त्याचा तेवढाच उपयोग होतो. चुकून मदतीचं दाबलंच तर दार उघडून सांगा: ‘सुमिमासेन, माचिगाएमाश्ता’ (माफ करा, चुकलं). कुणी रागावत नाही. पळून गेलात तर मात्र तो माणूस दार वाजवत राहतो, कारण आत कुणी बेशुद्ध पडलं असेल असं त्याला वाटतं.

बायकांच्या संडासात आणखी एक यंत्र असतं. ते पाणी वाहिल्याचा नुसता आवाज काढतं, साधारण २५ सेकंद. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बायका पुन्हा पुन्हा फ्लश करायच्या आणि पाणी वाया जायचं, त्यावर हा उपाय १९८८ साली ‘ओतोहिमे’ या नावानं निघाला. सुराच्या खुणेचं बटण दाबून पाणी सोडलं असं समजू नका, आवाजानं फ्लश होत नाही.

घरगुती टाकीच्या वर छोटी तोटी दिसेल. फ्लश केल्यावर तिच्यातून पाणी येतं आणि खालच्या टाकीत जातं. ते नळाचंच स्वच्छ पाणी आहे, त्यात हात धुवायचे. साबण मात्र तिथे लावू नका. फेस टाकीतल्या भागांवर बसतो. साबणानं हात धुवायचे असतील तर बाहेरच्या बेसिनवर जा.

बिघडतं ते कशामुळे

पाणीच येत नाही: नीट मागे सरकून बसलेले नाही, किंवा वीज बंद आहे, किंवा विजेची बचत सुरू आहे. दिवे बघा.

पाणी मध्येच गार झालं: ही सीटही आपल्या गीझरसारखी दोन प्रकारची असते. साठवणीच्या प्रकारात आत जेमतेम लिटरभर गरम पाणी असतं, ते मिनिटभरात संपतं आणि पुन्हा तापायला काही मिनिटं लागतात. घरातल्या चौघांनी लागोपाठ वापरलं की चौथ्याला गार पाणी येणारच. लगेच तापवणाऱ्या प्रकारात ही अडचण नाही.

फवारा आपोआप थांबला: ठरावीक वेळानंतर यंत्र स्वतः बंद करतं. पुन्हा दाबा.

वीज गेली आहे: दांडीचा फ्लश चालतो. नुसत्या बटणाच्या कमोडला बाजूच्या झाकणाआड हाताचा खटका असतो. नसेल तर बादलीनं पाच-सहा लिटर पाणी एकाच वेळी, कमोडच्या मध्यावर ओता.

लहान मुलं हलकी असतात आणि पुढे बसतात. सेन्सरला ती कळत नाहीत, कळली तर धार पाठीवर लागते. मुलाला मागे बसवून धरा, जोर सर्वांत कमी ठेवा आणि बटण तुम्हीच दाबा. मोठ्या खोलीच्या, व्हीलचेअरच्या खुणेच्या संडासात बाळाला बसवायची खुर्ची आणि लंगोट बदलायची फळी मिळते. त्याचं सरकतं दार भिंतीवरच्या बटणानं उघडतं आणि बंद होतं. बंद झाल्यावर कुलूप लागलं का, तो दिवा बघूनच पुढचं करा. चालायला त्रास असणाऱ्या आजी-आजोबांना हाच संडास शोधून द्या, पण तुम्हाला गरज नसेल तर तो मोकळा ठेवा.

उकिडवा संडास

जुन्या स्टेशनांत, देवळांच्या आवारात, बागांत तो अजून आहे. आपल्या उकिडव्या संडासात दाराकडे तोंड करून बसतात. जपानी संडासाच्या एका टोकाला उंच वळलेली कड असते, ‘किनकाकुशी’. तिच्याकडे तोंड करून, तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ बसायचं. बहुतेक ठिकाणी त्यामुळे पाठ दाराकडे येते. आपल्या सवयीनं उलटं बसलं की घाण भांड्याबाहेर पडते. इथे फवारा नाही, नळ नाही, पाण्याचा मगही नाही. पँटच्या खिशातला मोबाइल आधी काढून ठेवा. फ्लशची दांडी समोर किंवा बाजूला, बरेचजण ती पायानं दाबतात.

तिथे राहायला गेलात तर

तोक्योच्या निशी-कासाईसारख्या भागात भारतीय कुटुंबं बरीच आहेत, आणि भाड्याच्या घरात ही सीट सांभाळणं तुमच्यावर येतं. आठवड्यातून एकदा ‘नळी स्वच्छ करा’चं बटण दाबून नळी बाहेर काढा आणि मऊ ओल्या फडक्यानं पुसा. हातानं ओढू नका. सीट पुसायला सौम्य, पाण्यात मिसळलेला साबण वापरा. कोरड्या टॉयलेट पेपरनं प्लास्टिकवर चरे पडतात आणि त्यात डाग बसतात. आपल्या सवयीचं ॲसिड इथे नको, त्याच्या वाफेनं सीटच्या आतले भाग गंजतात. वास शोषणाऱ्या पंख्याची जाळी महिन्याला धुवा. सीटचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं असतं. त्यानंतर तपासणीचा दिवा लुकलुकला तर घरमालकाला कळवा.

मोठा भूकंप झाला तर इमारतीचा पाइप शाबूत आहे हे कळेपर्यंत फ्लश करू नका. वरच्या मजल्यावरचं पाणी तुटलेल्या पाइपातून खालच्या घरात वर येतं. अशा वेळेसाठी पिशवीचे एकदा वापरायचे संडास मिळतात. माणशी दिवसाला ५ असे ७ दिवसांचे ३५ घरात ठेवावेत.

एखादी सीट घरी आणावी का

जपानमध्ये दुकानात किंमत बघून मोह होतो. आणू नका. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. लगेच पाणी तापवणारी सीट धुताना हजार वॉटच्या वर वीज खेचते, प्रवासातला छोटा कन्व्हर्टर तिथे जळतो. तिथली हमी इथे चालत नाही, सुटे भागही मिळत नाहीत. हवीच असेल तर इथल्या विजेसाठी बनवलेली भारतातच घ्या.

घेण्याआधी तीन गोष्टी मोजा. कमोडच्या मागच्या दोन भोकांमधलं अंतर, जपानी सीटला ते १४० मिलिमीटर लागतं. भोकांपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी, छोट्या आकाराला साधारण ४४० आणि लांबटाला ४७० मिलिमीटर. आणि पाण्याचा दाब. या सीटना निदान ०.०५ मेगापास्कल, म्हणजे पाच मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर तो मिळत नाही आणि धार नुसती ठिबकते, मग छोटा पंप बसवावा लागतो. बोअरचं जड पाणी असेल तर नळीवर क्षार चढतात, त्यामुळे सीटच्या आधी गाळणी लावा. प्लगची जागा आंघोळीच्या शॉवरचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशी निवडा, आणि अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय सीट जोडू नका.